सॉलिसिटरकडे पहिल्यांदा जाताना

प्रश्न : माझे लग्न २०१२ साली सांगलीत झाले. २०१५ पासून आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउ येथे राहतो, दोघांनाही इथे कायम राहण्याची परवानगी आहे आणि आम्हाला नऊ वर्षांची मुलगी आहे. मी शाळेत अर्धवेळ नोकरी करते. राहते घर फक्त पतींच्या नावावर, पुण्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर आणि माझे बरेचसे दागिने सांगलीत सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. घटस्फोटाचा निर्णय मी विचारपूर्वक घेतला असून पंधरा दिवसांनी एका सॉलिसिटरची तासाभराची वेळ घेतली आहे. इतक्या वर्षांत काय काय सोसले ते लिहिण्यात एक अख्खी वही भरली. ती न्यावी का? पतींच्या लॅपटॉपमधल्या बँकेच्या कागदांच्या प्रती काढून ठेव, असे मैत्रीण सांगते. शिवाय इथला घटस्फोट सांगलीत मानला जाईल का, असे वडील विचारतात. (एक वाचक, स्लाउ)

उत्तर : वही लिहिलीत ते चांगले केलेत, पण ती सोबत नेऊ नका, पतींच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून घटस्फोटासाठी कोणाचाही दोष सिद्ध करावा लागत नाही. विवाह पूर्णपणे मोडला आहे, एवढे एक निवेदन अर्जात पुरते आणि ‘मला घटस्फोट नको’ एवढ्याच कारणावरून समोरच्याला तो अडवता येत नाही. चूक कोणाची, याचा पैशांच्या वाटणीवरही अगदी अपवादानेच परिणाम होतो. आपल्याकडे वकिलासमोर पहिल्यापासून सगळे सांगण्याचा प्रघात आहे आणि त्याने मन हलके होते हे खरे. पण इथे बहुतेक सॉलिसिटर सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने फी आकारतात, तेव्हा ते काम मैत्रिणीकडे किंवा समुपदेशकाकडे केलेले बरे. याला अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. मारहाण, धमक्या, सततची पाळत, स्वतःचा पगारही हातात न मिळणे असे काही घडले असेल, तर ते भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगा. २०२१ च्या कायद्याने आर्थिक कोंडीलाही कौटुंबिक अत्याचार मानले आहे, आणि सरकारी कायदेशीर साहाय्य मिळेल की नाही हेही पुष्कळदा अशा पुराव्यावर ठरते.

वहीऐवजी दोन पाने तयार करा. पहिल्या पानावर फक्त तारखा असाव्यात : लग्न, इंग्लंडला येणे, मुलीचा जन्म, घराची व फ्लॅटची खरेदी, नोकऱ्यांतील बदल, आणि वेगळे राहू लागला असाल तर तो दिवस. भारतातल्या एखाद्या न्यायालयाची वा वकिलाची नोटीस आली असेल, तर ती याच पानाला जोडा. दोन देशांत दोन अर्ज सुरू होण्याची शक्यता असेल तर सॉलिसिटरला ते पहिल्याच दिवशी कळायला हवे. विवाहाचा दाखला सोबत न्या. तो केवळ मराठीत असेल तर अर्जासाठी प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. दाखला सापडत नसेल, तर जिथे विवाहाची नोंद झाली त्या कार्यालयातून प्रमाणित प्रत मागवण्याचे काम वडिलांकडे आजच सोपवा.

दुसरे पान पैशांचे. प्रकरण न्यायालयात गेले तर दोघांनाही ‘फॉर्म ई’ नावाचे लांबलचक प्रतिज्ञापत्र भरावे लागते आणि त्यात जगभरातली मालमत्ता दाखवावी लागते. ‘भारतातले इथे कशाला सांगायचे’ हा समज मराठी घरांत फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. फ्लॅट, मुदत ठेवी, पीपीएफ, विम्याच्या पॉलिसी, वडिलोपार्जित शेतीतला हिस्सा हे सारे त्यात येते. पतींना ते जितके लागू आहे तितकेच आपल्यालाही. पहिल्या भेटीला अंदाजे आकडे चालतात. पुढे मात्र आपल्या खात्यांची बारा महिन्यांची विवरणे, शेवटच्या तीन पगारपावत्या, पी-साठ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा नोकरीतला दाखला) आणि पेन्शनचे मूल्यपत्र लागेल. पेन्शनचे पत्र यायला कधीकधी महिनेच्या महिने जातात, म्हणून ते आताच मागवून ठेवा. शाळेतली नोकरी अर्धवेळ असली तरी तिला पेन्शन असू शकते. पतींचे पेन्शन तर पुष्कळदा घराखालोखालची मोठी मालमत्ता असते, आणि बायकांच्या यादीत नेमके तेच राहून जाते.

दागिन्यांची यादी करा. लग्नातले फोटो आणि सराफाच्या पावत्या मिळतील तेवढ्या जमवा. भारतीय कायद्यानुसार स्त्रीधन हे स्त्रीचेच असते, पण सांगलीच्या लॉकरमधून ते परत मिळवण्यासाठी तिथल्या वकिलाची मदत लागेल.

लॅपटॉपला हात लावू नका. मैत्रिणीचा सल्ला एके काळी इथले वकीलही देत असत. इमरमन प्रकरणात २०१० साली अपील न्यायालयाने तो मार्ग बंद केला. पती-पत्नीलाही एकमेकांची खासगी कागदपत्रे चोरून घेता येत नाहीत, घेतली तर ती परत करावी लागतात आणि सॉलिसिटरच अडचणीत येतो. संयुक्त खात्याची विवरणे किंवा आपल्या नावाने आलेली पत्रे अर्थातच आपली आहेत. बाकी कोणत्या बँकेत खाते आहे, कोणती कंपनी पगार देते, एवढे आठवून लिहिलेत तरी पुरे; मागणी पुढे रीतसर करता येते. सॉलिसिटरशी पत्रव्यवहारासाठी मात्र नवे ईमेल खाते उघडा.

भेटीत आपण होऊन काढायचा पहिला विषय राहत्या घराचा. घर एकट्या पतींच्या नावावर असले तरी १९९६ च्या कौटुंबिक कायद्याखाली पत्नीला त्यात राहण्याचा हक्क असतो, आणि तो भूमी नोंदणी कार्यालयात नोंदवला की त्यांना आपल्या नकळत घर विकणे अवघड होते. मात्र या नोंदीची सूचना घरमालकाला, म्हणजे पतींनाही जाते. म्हणून ती केव्हा करायची हे सॉलिसिटरशी बोलून ठरवा. दुसरा विषय मुलीचा. चार दिवस माहेरी जाऊन येते, अशा विचाराने तिला पतींच्या संमतीवाचून भारतात नेऊ नका. इथल्या १९८४ च्या कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो.

वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि इथला सॉलिसिटर तो आपणहून काढेलच असे नाही. हिंदू विवाह कायद्यात ‘विवाह मोडला आहे’ एवढेच कारण आजही पुरत नाही. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की परदेशी हुकूम भारतात मान्य होण्यासाठी त्याचे कारण पक्षकारांना लागू असलेल्या विवाह कायद्यातले असावे आणि समोरच्याने ते न्यायालय स्वेच्छेने स्वीकारून कामकाजात भाग घेतलेला असावा, किंवा त्याची संमती असावी. म्हणजे पती गप्प बसले आणि हुकूम एकतर्फी झाला, तर इथे आपण घटस्फोटित आणि सांगलीत विवाहित, अशी स्थिती उद्भवू शकते. दोघांनी मिळून अर्ज करण्याची सोय २०२२ पासून इथे आहे. पती तयार असतील तर भारताच्या दृष्टीने तोच मार्ग सुरक्षित, असे माझे मत आहे. तरी अर्जाआधी भारतातल्या कौटुंबिक वकिलाचे लेखी मत घ्या.

फीबद्दल विचारताना संकोच करू नका. तासाचा दर किती, त्यावर २० टक्के व्हॅट धरला आहे का, काम कनिष्ठ वकील करणार का, हे लेखी मागा. न्यायालयाचे अर्जशुल्क वेगळे असते; एप्रिल २०२५ पासून ते ६१२ पौंड आहे. अर्ज दाखल झाल्यापासून २० आठवडे, नंतर सशर्त हुकूम (घटस्फोट देण्यास हरकत नाही, असा न्यायालयाचा पहिला निर्णय), आणि त्यापुढे विवाह संपवणाऱ्या अंतिम हुकुमापर्यंत आणखी सहा आठवडे एवढा काळ कायद्यानेच जातो; पैशांचा वाद असेल तर बराच अधिक.

प्रश्न : आमचा कसलाही वाद नाही. मुले नाहीत, घर भाड्याचे आहे. ऑनलाइन अर्ज करून मोकळे व्हावे, सॉलिसिटर कशाला? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : अर्जापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. पण घटस्फोटाच्या हुकुमाने एकमेकांवरचे आर्थिक दावे संपत नाहीत. वायट विरुद्ध विन्स या प्रकरणातले जोडपे १९८४ साली वेगळे झाले आणि १९९२ साली त्यांचा घटस्फोट झाला. तेव्हा दोघेही कफल्लक होते. पुढे पती पवनऊर्जेच्या धंद्यात कोट्यधीश झाले, पत्नीने २०११ मध्ये दावा केला आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दिला. तेव्हा जे तोंडी ठरले आहे ते एका कागदावर मांडून दोघांनी आपापल्या सॉलिसिटरला एकदा भेटा आणि संमतीचा आर्थिक आदेश न्यायालयाकडून करून घ्या. सशर्त हुकूम मिळाल्यावर न्यायालय त्यावर मोहोर उठवू शकते. तोवर अंतिम हुकुमासाठी घाई करू नका, विशेषतः दोघांपैकी कोणाचे पेन्शन असेल तर.