महाराष्ट्रात माजी सैनिकांसाठी स्वतंत्र सरकारी खातं काढलं तर खरंच फरक पडेल, की नुसता खर्च वाढेल?

फरक पडेल, पण त्या खात्याच्या माणसाचं तहसीलदाराला ऐकावं लागलं तरच. नाहीतर काढूच नका.

आज पुण्यात सैनिक कल्याण विभागाचं संचालनालय आहे आणि ते मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाखाली येतं. जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष तर खुद्द जिल्हाधिकारी. कागदावर सगळं जागच्या जागी आहे.

माझे वडील पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झाले. ते गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन अडली. फौजेच्या रेकॉर्डला तिचं माहेरचं नाव होतं आणि आधार, रेशनकार्ड, पासबुकावर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. वडिलांनी पलटणीत आधी जे नाव सांगितलं, तेच तिथे कायम राहिलं. भाऊ तेव्हा सिक्कीमला ड्युटीवर, त्यामुळे शाळेतून रजा टाकून आईला घेऊन मीच फिरत होते.

सैनिक कार्यालयातले क्लार्क स्वतः माजी सैनिक. त्यांनी डिस्चार्ज बुकावरचं प्लॅस्टिक काढलं, एकेक पान उलटलं आणि कुटुंबाच्या पानावर बोट ठेवून आईला विचारलं, "वहिनी, हे तुमचंच नाव ना?" तिला बसवलं, चहा मागवला, आणि प्रतिज्ञापत्र, राजपत्रातला नावबदल, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा दाखला अशी यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घोडं अडलं ते दाखल्यापाशी. तो तहसीलमधून हवा होता. सैनिक अधिकाऱ्यांनी तिकडे पत्र दिलं, प्रकरण प्राधान्याने निकाली काढावे म्हणून. पत्रावर आवकचा शिक्का बसला आणि ते फायलीत गेलं. विचारायला गेलं की टेबलावरचे भाऊसाहेब म्हणायचे, "मॅडम, हे त्यांचं पत्र झालं. आम्हाला आमच्या साहेबांचा आदेश लागतो." त्याच दाखल्यावाचून सातबाऱ्यावरची वारस नोंदही लटकली. शेवटी तालुक्यातले माजी सैनिक एकत्र येऊन तहसीलच्या दारात बसले, तेव्हा सही झाली. ज्या बाईच्या मागे अशी माणसं नाहीत, तिने काय करायचं?

आमचे दाजी महसुलातून निवृत्त. त्यांचं आजही एकच पालुपद: पेन्शन केंद्राची, दवाखाना केंद्राचा, रेकॉर्ड केंद्राचं, मग राज्याने आणखी एक खातं काढून करायचं काय? तुमच्या प्रश्नातही थोडा तोच सूर आहे. दाजींना मी दर दिवाळीला सांगते, इथेही सांगते. केंद्राने आपल्या वाट्याचं केलंय. संरक्षण मंत्रालयात माजी सैनिकांसाठी वेगळा विभाग 2004 सालीच निघाला, ईसीएचएस ही माजी सैनिकांची दवाखान्याची योजना त्याच्या आदल्या वर्षी. पण सातबारा कुणाचा? फेरफार, मोजणी, वारस दाखला, पोलीस ठाणं, घरपट्टीची माफी, राज्याच्या नोकरीतलं आरक्षण कुणाच्या हातात आहे? फौजी एकदा घरी आला की त्याची उरलेली सगळी कामं राज्याच्याच टेबलांवर असतात. बांध कोरणारा शेजारी काही दिल्लीच्या अखत्यारीत येत नाही.

आणि आता अग्निवीर येतील. योजना जून 2022 ला जाहीर झाली, नोकरी चार वर्षांची. कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के, बाकीची पोरं साधारण 11.71 लाखांचा सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, घेऊन पंचविशीच्या आतबाहेर घरी. त्यांना पेन्शन नाही. म्हणजे "केंद्र बघतं" म्हणायचीही सोय राहिली नाही. त्यांना पुढचं शिक्षण आणि नोकरी लागेल, आणि आपली जिल्हा कार्यालयं तर मुख्यतः पेन्शनर आणि विधवांची कामं बघत आलीत.

म्हणून खातं काढायचं तर तालुक्याला एक माणूस द्या, तोही माजी सैनिकांतूनच घ्या. महसूल आणि पोलिसांकडून मुदतीत उत्तर मागायचा अधिकार त्याला द्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदतीची सोय आहेच, तिचा पाठपुरावा करायला कुणीतरी हवं. पंजाबात, हरियाणात वेगळी खाती आहेत. हरियाणाने तर निमलष्करी जवानही त्यात घेतले. आपल्याकडे सीआरपीएफ, बीएसएफची माणसं माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाहीत, तेव्हा वर लिहिलेलं त्यांना आपोआप लागू होणार नाही. ते आधी ठरवावं लागेल.

खर्चाचं म्हणाल तर संचालनालय आणि जिल्ह्यातली कार्यालयं आहेतच. वाढेल तो मंत्रालयातल्या खुर्च्यांचा आणि तालुक्यातल्या माणसांचा. खुर्च्या कमी ठेवा.

घरात कुणी फौजेत असेल तर पत्नीचं नाव रेकॉर्डला आणि आधारवर एकच आहे का, हे आजच ताडून बघा. तो हयात असताना त्याच्या अर्जावर दुरुस्ती होऊ शकते.