डॉक्टर म्हणतात आईची गर्भपिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. काढावी का?

तुमची आई ४३ वर्षांची, पाळीत अंगावरून फार जातं, आणि डॉक्टर म्हणाले की पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. वर तुम्ही हेही विचारलंय की ऑपरेशननंतर आराम किती दिवस लागतो. म्हणजे घरात ठरल्यातच जमा दिसतंय. तरी लिहिते. मीही ४३ चीच आहे, आणि "नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य मी ज्या जागी बसून ऐकलंय तिथे फार जण बसत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका खाजगी दवाखान्याच्या खालच्या मेडिकलवर मी सहा वर्षं कामाला होते. दवाखाना वर, मेडिकल खाली, डॉक्टर आणि दुकानमालक साडू-साडू. सकाळी अकराच्या सुमाराला कंपाउंडर जिन्यातून हाक मारायचा, "आज दोन पिशव्या हायेत, सामान काढून ठिव." मग मी दोन खोकी भरायची. सलाईनच्या बाटल्या, सेट, लघवीची नळी, टाक्यांचा दोरा, हातमोजे, इंजेक्शनच्या कुप्या. खोक्यावर पेनाने पेशंटचं नाव टाकायचं. कितीदा असं व्हायचं, की खोकं भरून नाव टाकून तयार असायचं आणि ती बाई समोरच्या बाकावर बसून बाटलीने पाणी पीत असायची. सोनोग्राफीसाठी लघवी तुंबवावी लागते म्हणून. म्हणजे सोनोग्राफी अजून व्हायचीच होती. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. पगार वेळेवर होत होता.

२००९ साली माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मीच तिथे नेलं. अक्का तेव्हा ३४ ची, तीन लेकरं झालेली, फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झालेली. अक्का आणि दाजी दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, सांगलीकडच्या कारखान्याला. जोडी म्हणजे एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांत एक. एक जण बसून राहिला की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, कापून घेणार. पाळी असो, ताप असो, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचंच. अक्काची तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. बस्स. आता मला सांगा, वर्षातले पाच-सहा महिने जी बाई उसाच्या मोळ्या वाहते, कोपीत, म्हणजे झोपडीत राहते, जिला अंघोळीला आडोसा नाही आणि पाळीची घडी बदलायला जागा नाही, तिची कंबर दुखणार नाही आणि तिला इन्फेक्शन होणार नाही तर काय होईल? गोळ्यांचा एक कोर्स, आणि तोच दाजींनाही. एवढ्यावर ते भागलं असतं. कंबरेचं औषध मात्र कोणत्याच मेडिकलवर मिळालं नसतं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवली तर कॅन्सर. अक्काने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, बारावी पास, शिवाय 'दवाखान्यातली'. मी म्हणाले, "काढून टाक अक्का, लेकरं झाली, आता तिचं काय काम?" दाजींनी मुकादमाकडून वरचे अठरा हजार उचलले. पितरपाट चालू होता, म्हणून तिची सासू नको नको म्हणत होती. आम्ही सगळे हसलो म्हातारीला. पूर्ण घरात बरोबर तीच होती, कारण भलतंच असलं तरी.

त्या खोक्यावर अक्काचं नाव मीच लिहिलं.

डिस्चार्ज कार्डावर 'टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.' असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. टी.ए.एच. म्हणजे पोट उघडून पिशवी काढणं. त्यातल्या बी.एस.ओ.चा अर्थ मला चार वर्षांनी कळला: पिशवीबरोबर दोन्ही बाजूची अंडाशयं आणि नळ्याही काढल्या. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि काय विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. पिशवी गेली की पाळी थांबते. पण अंडाशयं गेली की शरीरातलं इस्ट्रोजेनच आटतं, आणि पन्नाशीच्या आसपास हळूहळू यायचं ते सगळं एका झटक्यात येतं. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचा धोकाही वाढतो. दाजी सांगतात, पुढच्याच डिसेंबरात उसाच्या फडाशेजारी कोपीत सगळे गोधडीत मुरगळून पडलेले असायचे आणि अक्का मध्यरात्री बाहेर उघड्यावर येऊन पदराने वारा घेत बसायची. अंगातून वाफा निघतात म्हणायची. मुकादमाच्या बायकोने तिला लिंबू उतरवून टाकायला सांगितलं होतं. ४६ व्या वर्षी ती ओट्यावरून नुसती घसरली तर मनगट मोडलं.

आता माझं. २०२२ मध्ये मला सुरू झालं. आठ-नऊ दिवस जायचं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडायच्या, दर तासाला पॅड. जिना चढले की धाप. तोवर मी मेडिकल सोडून पतसंस्थेत लागले होते. जवळच्या डॉक्टरांनी (हे दुसरे, गावही दुसरं) चार सेंटिमीटरची गाठ दाखवली आणि तेच वाक्य बोलले. शब्दन् शब्द तेच. मी फाईल घेतली आणि सरळ अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना गाठला. दोन चकरा नुसत्या केसपेपर आणि रांगेत गेल्या, ते सांगून ठेवते. पण तिथल्या मॅडमनी आधी बसवलं आणि किती दिवस जातं, किती पॅड लागतात, मध्येच डाग दिसतो का, संबंधानंतर रक्त येतं का, घरात कुणाला कॅन्सर होता का, हे सगळं विचारलं. हिमोग्लोबिन काढलं तर ७.४ निघालं. बाईचं १२ च्या वर हवं, ८ च्या खाली म्हणजे फारच कमी. थायरॉइड तपासलं, पिशवीच्या तोंडाचा पॅप केला (तिथल्या पेशी पुसून घेऊन तपासतात तो), आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

कॅन्सर आहे की नाही, हे त्या तुकड्यावरून कळतं. तुमच्या आईचा तो तुकडा तपासलाय का? चाळिशीनंतर एवढं रक्त जात असेल तर तपासतात. तपासला असेल आणि रिपोर्टमध्ये काही वाईट आलं असेल, तर माझं हे उत्तर इथेच बंद करा आणि डॉक्टर सांगतात ते करा. तपासला नसेल, तर 'कॅन्सर होईल' हे त्यांना कुठून समजलं, एवढंच नम्रपणे विचारा. फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ कॅन्सरची निघणं फार क्वचित घडतं, आणि पाळी गेली की ती बहुधा आपोआप आकसते. तोंडाला 'जखम' दिसणं म्हणजे पण कॅन्सर नव्हे. त्यासाठी पॅप किंवा एच.पी.व्ही.ची (तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची) टेस्ट असते, तिला पिशवीची किंमत मोजावी लागत नाही.

माझा रिपोर्ट चांगला आला. लोहाची सलाईन लावली, पाळीच्या दिवसांत रक्त कमी करायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी दिली (रक्ताची गुठळी झालेल्या बाईला ती चालत नाही, मेडिकलवाला हे विचारणार नाही, तुम्हीच सांगा). तीन महिन्यांनी हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू आत बसवली, ती बाहेरून विकत आणावी लागली. पहिले चार महिने रोज थोडं थोडं डागत होतं, इतका वैताग आला की परत जाऊन काढून टाका म्हणणार होते. पाचव्या महिन्यात थांबलं. आता दोन दिवस जेमतेम जातं. हिमोग्लोबिन ११.८.

हे मी आनंदाने अक्काला सांगायला गेले. ती भाकरी थापत होती. तव्यावरची उलटली, पाणी फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी काढाय लावलीस, अन् सोताची ठिवलीस."

तीन वर्षं झाली, आमच्यात तेवढंच वाक्य आहे. म्हणजे बोलतो आम्ही, राखीला जाते, लग्नाकार्यात शेजारी बसतो. पण ते वाक्य मध्ये असतंच. मी तिला म्हणते, ऑपरेशन डॉक्टरने केलं, पैसे मुकादमाने दिले, मी काय केलं? रिक्षा बोलावली. ती म्हणते, हो, रिक्षाच बोलावलीस.

२०१९ मध्ये बातम्या आल्या ते तुम्हाला आठवत असेल. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायका, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. दर सहा जणींत एक! देशभरात, कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे, १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीन-साडेतीन आहे. आशाताई वहीपेन घेऊन अक्काच्या दारात आली होती. तिने विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं? अक्का म्हणाली, "माझ्या बहिणीच्या." आशाताईने ते लिहून घेतलं की नाही मला ठाऊक नाही. मी तिथेच ओसरीवर बसले होते.

मग एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या असल्याच ऑपरेशनांचं प्रकरण होतं. कोर्टाने सगळ्या राज्यांना, विनाकारण पिशवी काढणं थांबवण्यासाठी केंद्राने केलेले नियम लागू करायला सांगितलं. मी पेपर घेऊन गेले, वाचून दाखवलं, म्हटलं बघ अक्का, सगळीकडेच चाललं होतं हे. ती म्हणाली, "मग त्यांच्या बहिणी बी मेडिकलातच होत्या का?"

तर तुम्हाला सांगायचं ते हे. आई तुमच्याकडे बघेल. तुम्ही शिकलेले, मोबाइलवर प्रश्न विचारणारे. तुम्ही 'काढून टाक' म्हणालात की ती काढेल. 'लेकरं झाली, आता तिचं काय काम' हे वाक्य घरात कुणी बोललं असेल तर ते आधी मोडून काढा. अपेंडिक्सवाचूनही चालतं, म्हणून ते कुणी ऊठसूट कापून टाकत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि ते दुसरे पहिल्यांचे साडू नसावेत. शक्यतो अशा ठिकाणी जा जिथे ऑपरेशन केलं काय, न केलं काय, डॉक्टरच्या पगारात फरक पडत नाही. आणि काढायचीच ठरली, तर सहीच्या कागदावर अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, नाही कळलं तर मराठीत सांगायला लावा. ती चांगली असतील तर ४३ व्या वर्षी का काढता, हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आता एवढं बोलल्यावर दुसरी बाजू. माझ्या नणंदेची पिशवी ४८ व्या वर्षी काढली, गाठ नारळाएवढी होती, मूत्राशयावर दाब यायचा, दोन वर्षं औषधं करून दमली होती. ती आज खूश आहे आणि मला म्हणते, तू लोकांना उगा घाबरवतेस. तिचं खरं आहे. अंग बाहेर येत असेल, अस्तराच्या तपासणीत कॅन्सरच्या आधीच्या पेशी सापडल्या असतील, गोळ्या-सलाईन-हार्मोन सगळं करूनही रक्त थांबत नसेल, तर काढणं हाच इलाज असतो आणि उशीर करू नये. शिवाय आईची पाळी वर्षभर बंद राहून मग पुन्हा रक्त दिसलं, एक दिवस का असेना, तर माझ्यासारखं चकरा मारत बसायचं नाही, त्याच आठवड्यात तपासायचं. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं खोकी भरलीत, तेवढंच माझं शिक्षण.

तुमचा आरामाचा प्रश्न राहिलाच. पोट उघडून केलं तर साधारण सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही: पाण्याची घागर नाही, गॅसची टाकी नाही, लहान मूल कडेवर नाही. दुर्बिणीतून किंवा खालून केलं तर बाई लवकर हिंडती-फिरती होते, पण जड उचलण्याच्या बाबतीत तिलाही सहा आठवडे धीर धरायला सांगतात. अक्का भाऊबीज करून गाडीत बसली तेव्हा तिला चाळीस दिवस झाले होते. पट्टा मी दिला होता, पोटाचा, दुकानातून, किंमत न लावता.

आईचं हिमोग्लोबिन किती आलंय ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. ते आधी कळवा.