हाय-रेस संगीताचं अ‍ॅप घ्यावं का? खरंच फरक ऐकू येतो का?

तुमच्या घरी ख्याल आणि जुनी नाट्यपदं ऐकली जातात, ऐकायला ब्लूटूथचे इअरफोन आहेत. हाय-रेझोल्यूशनवाल्या अ‍ॅपला पैसे भरले तर खरंच फरक ऐकू येईल का, आणि ते घेतल्यावर वडिलांच्या सीडी देऊन टाकल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी चार वर्षं असं अ‍ॅप वापरतेय. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येतील आणि त्या त्या एकाच अ‍ॅपच्या आहेत असं मला वाटत नाही. माझं वय ५८. बरीच वर्षं गाणं शिकले, आता घरी चार मुलींना शिकवते. रोज सकाळी तानपुरा मिळवायचा ही सवय असल्यामुळे कान आपोआप जवारीकडे, म्हणजे तारेच्या झंकाराकडे जातो. खर्जाची तार छेडली की तिच्यातून एकामागून एक वरचे स्वर उमलत जातात, गंधारही ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये ते उमलणं शिल्लक आहे का, हे मी सगळ्यात आधी ऐकते. माझं मत त्याच्यावर बेतलेलं आहे, हे आधीच सांगते.

उत्तर असं: लॉसलेस मिळत असेल तर जरूर घ्या. त्याच्या वरचं हाय-रेस फुकट मिळत असेल तर असू द्या, त्यासाठी वेगळे पैसे भरू नका. आणि दोन्हीच्या आधी वायरचा चांगला हेडफोन घ्या.

या दोन शब्दांची गल्लत फार होते. लॉसलेस म्हणजे झिप फाइलसारखं: जागा कमी लागते, पण उघडल्यावर मूळचा एकही आकडा हरवलेला नसतो. सीडी ही १६ बिट (प्रत्येक मोजणीतली बारकाई) आणि ४४.१ किलोहर्ट्झची (आवाजाच्या सेकंदाला ४४,१०० मोजण्या), तिच्यातून सेकंदाला १४११ किलोबिट वाहतात. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो, बाकीचं 'हे कानाला कळणार नाही' असा हिशेब करून काढून टाकलेलं असतं. सीडीच्या वरचं, म्हणजे २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ, ते हाय-रेस. अ‍ॅपल म्युझिकनं जून २०२१ मध्ये हे दोन्ही नेहमीच्याच वर्गणीत दिलं. स्पॉटिफायनं सप्टेंबर २०२५ मध्ये लॉसलेस आणलं, ते २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत.

पहिले तीन महिने मीही ब्लूटूथवरच ऐकलं. पडद्यावर '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' दिसायचं आणि आवाज मोकळा झालाय असं मला मनापासून वाटायचं. मग भाच्यानं सांगितलं, "मावशी, फोनपर्यंत सगळं नीट येतंय, पण फोनपासून तुझ्या कानापर्यंत ते पुन्हा आवळलं जातंय." ब्लूटूथच्या नेहमीच्या पद्धतींत सीडीइतका प्रवाह मावतच नाही. सोनीची एलडॅक ही त्यातली मोठी, तीही सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेते. तेव्हा तुमच्या आत्ताच्या इअरफोनवर हाय-रेसचा बिल्ला कितीही झळकला, तरी कानात पडतं ते आवळलेलंच. ते वाईट असतं असं नाही. जाता-येता ऐकायला पुष्कळ झालं.

नंतर मी फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा बोटभर लांबीचा डॅक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारं छोटं यंत्र, घेतला आणि वायरचा हेडफोन. दोन्ही मिळून पाच-साडेपाच हजार गेले. माझ्या ऐकण्यात जो फरक पडला, त्यातला बहुतेक या खर्चाचा आहे. पहिल्यांदा लावला तेव्हा एका विलंबित ख्यालाची सुरुवात ऐकत होते. गायकाच्या मागे दोन तानपुरे आहेत हे मला माहीत होतं. ते दोन वेगवेगळे ऐकू आले. एकाची जवारी जास्त खुली होती. ती रेकॉर्ड मी पंचवीस वर्षं ऐकतेय.

डॅक घेतला तरी फोन मध्ये लुडबुड करतोच. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सगळा आवाज आधी ४८ किलोहर्ट्झला बदलला जातो, मग फाइल १९२ची असो की ४४.१ची. फाइलीच्या किलोहर्ट्झप्रमाणे माझ्या डॅकवरच्या दिव्याचा रंग बदलायला हवा होता, तो बदलेना, म्हणून हे कळलं. अँड्रॉइड १४ पासून यातून सुटका करायची सोय आहे, पण अ‍ॅपनंही ती वापरली पाहिजे. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन आकडा हातानं लावावा लागतो. यात फार वेळ घालवू नका. कानाला त्यानं किती फरक पडतो, ते पुढच्या परीक्षेतून कळेल.

मी आणि भाच्यानं घरी डोळे झाकून परीक्षा घेतली. अ‍ॅपमधल्या दोन सेटिंग्ज अदलून-बदलून ऐकण्यात अर्थ नसतो, कारण एकीचा आवाज किंचित मोठा असेल तर तीच चांगली वाटते. म्हणून सतारीची २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची एक फाइल विकत घेतली. भाच्यानं तिचीच सीडीच्या दर्जाची आणि १२८ किलोबिटची अशा दोन प्रती केल्या. फूबार२००० या फुकट प्रोग्राममध्ये अशी सोय आहे की, कुठली प्रत वाजतेय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. १६ फेऱ्या घ्यायच्या. नुसत्या अंदाजानं आठच्या आसपास उत्तरं बरोबर येतात. १२ आली तर कान खरंच ओळखतोय असं समजायचं.

१२८ किलोबिट आणि सीडी यांच्यात मला १६ पैकी १५ बरोबर आली. तरफांचा (सतारीच्या मुख्य तारांखाली आपोआप घुमणाऱ्या तारांचा) आणि तानपुऱ्याचा नाद आवळलेल्या फाइलीत पाण्याखालून आल्यासारखा डुचमळतो. एकदा ओळखता आलं की पुन्हा चुकत नाही. सीडी आणि हाय-रेस यांच्यात ९ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानांनी, पुन्हा ९. मी त्या वेळी अगदी खात्रीनं बटण दाबत होते, हे मुद्दाम नोंदवते. भाचा तिशीतला, त्याला ८ आली.

हे माझ्या एकटीचं नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत अशीच मोठी चाचणी केली, तेव्हा ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नव्हता. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांचे निकाल एकत्र केले, तर बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. आधी कान तयार करून घेतलेल्यांमध्ये ते ६० टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे फरक अगदी शून्य म्हणता येत नाही. पण त्या फरकासाठी वर्गणी दुप्पट करावी असं मला वाटत नाही.

कारण समजायला सोपं आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत २२ किलोहर्ट्झपर्यंतच्या उंचीचा आवाज पूर्ण मावतो. माणसाचा कान तरुणपणी २० पर्यंत जातो, आणि माझा आता १२च्या पुढे काही पकडत नाही. तेही आम्ही तपासलं. जवारीचं सगळं सौंदर्य त्याच्या बरंच खाली आहे. बिटांचंही तसंच. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं, २४ बिटांत १४४चं. रेकॉर्डिंग करणाऱ्याला ही जागा लागते, कारण गायक तार सप्तकात कधी उसळेल सांगता येत नाही. आपल्या बैठकीच्या खोलीत पंखा चालू असतो.

आता तुमच्या नाट्यपदांकडे येते, कारण तिथं लोकांची फार निराशा होते. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यासमोर तोंड धरून गावं लागे. मायक्रोफोन लावून केलेलं विद्युत मुद्रण १९२५ नंतरचं. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढचं फारसं काही उमटतच नसे. अशी तबकडी १९२ किलोहर्ट्झला उतरवली तर जास्तीच्या जागेत फक्त खरखर बारकाईनं साठते. पुढच्या काळातही हेच. १९९०च्या सुमारास बरंच मुद्रण डॅट या डिजिटल टेपवर व्हायचं, ती १६ बिटांची. तिच्यातून २४ बिटांचं गाणं निघणार नाही. बिल्ला फाइलला मिळतो, मैफल कशी टिपली गेली हे तो सांगत नाही.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत फरक पडतो तो उतरवून घेणाऱ्या माणसामुळे. तबकडी धुतली होती का, सुई योग्य होती का, आणि वेग! सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेल्या नाहीत. वेग ६ टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. माझ्या अ‍ॅपवर एकच पद दोन ठिकाणी आहे. एक काळी चारमध्ये, दुसरं पांढरी सहामध्ये, म्हणजे पेटीवर अर्ध्या स्वरानं वर. पेटी घेऊन तपासलं. एकावर हाय-रेसचा बिल्ला आहे आणि त्याचाच सूर चढलेला आहे, आवाज किनरा झालाय, ताना घाईत गेल्यासारख्या वाटतात. साध्या दर्जाचं दुसरं पद ऐकलं की गळ्याचं वजन कळतं. मुलींना मी तेच ऐकवते.

म्हणून एखादी रचना तीन-चार ठिकाणी सापडली तर प्रत्येकीची पहिली दोन मिनिटं ऐका आणि कानाला पटेल ती ठेवा. हाय-रेस आवृत्ती कधी कधी खरंच सरस निघते. मूळ टेपवरून कुणीतरी जीव लावून नव्यानं उतरवलेली असते, आवाज विनाकारण ठासून मोठा केलेला नसतो. पण तीच मेहनत सीडीच्या दर्जातही तितकीच ऐकू येते.

डेटाचा हिशेब करून ठेवा. अ‍ॅपलनं स्वतः दिलेले आकडे असे: तीन मिनिटांचं गाणं नेहमीच्या चांगल्या दर्जात ६ एमबी, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या लॉसलेसमध्ये ३६ एमबी, आणि १९२ किलोहर्ट्झमध्ये १४५ एमबी. आपला ख्याल तीन मिनिटांत आटपत नाही. चाळीस मिनिटांचा धरला तर अनुक्रमे ८० एमबी, ४८० एमबी आणि जवळजवळ २ जीबी. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर द्रुत सुरू व्हायच्या सुमारास नेट संपेल. घरच्या वायफायवर लॉसलेसमध्ये डाउनलोड करा आणि मोबाइल डेटासाठी साधा दर्जा लावून ठेवा. दोन्हीच्या सेटिंग वेगळ्या असतात.

माझ्या खऱ्या तक्रारी दर्जाबद्दल नाहीतच. पहिली: विलंबित आणि द्रुत दोन वेगळ्या ट्रॅकमध्ये असतात, आणि मधे क्षणभर शांतता पडते. तानपुरा तुटतो. गाणाऱ्यानं तासभर जमवलेलं वातावरण त्या अर्ध्या सेकंदात सांडतं, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास होतो. दुसरी: मारवा संपला की अ‍ॅप आपल्या मनानं भलतंच काहीतरी लावतं. आपोआप पुढचं वाजवण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. तिसरी आणि सगळ्यात मोठी: तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे स्वरसाथ कुणाची, ताल कुठला, मैफल कुठल्या साली झाली, यातलं काहीच दिसत नाही. कलाकार, अल्बम आणि गाणं एवढेच तीन कप्पे. रागाचं नाव गाण्याच्या कप्प्यात कोंबलेलं, त्याचंही स्पेलिंग दर ठिकाणी निराळं, त्यामुळे शोधलं की निम्मं सापडत नाही. ज्यांनी चाळीस मिनिटं ठेका धरून गाणं उभं राहू दिलं, त्यांचं नावही ऐकणाऱ्याला कळू नये, हे मला अजिबात पटत नाही. कळवायची सोय असते. मी आत्तापर्यंत वीसेक वेळा लिहून पाठवलंय, दोन ठिकाणी दुरुस्ती झाली.

आणि रेकॉर्डी गायब होतात. करार संपला की यादीत नाव राहतं, पण अक्षरं फिकट होतात आणि वाजत नाही. माझ्या यादीतल्या अकरा अशा गेल्या. डाउनलोड केलेल्याही गेल्या, कारण ते डाउनलोड आपल्या मालकीचं नसतं.

म्हणून वडिलांच्या सीडी देऊ नका. त्या लॉसलेसच आहेत, आणि त्यांच्यावर कुणाची वर्गणी चालत नाही. कॉम्प्युटरला जोडायचा सीडी ड्राइव्ह दीड-दोन हजारांत मिळतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा फुकट प्रोग्राम घ्या आणि सगळ्या फ्लॅक या लॉसलेस फाइलींमध्ये उतरवा. एका सीडीला २५०-४०० एमबी लागतात, शंभर सीडी मोठ्या पेनड्राइव्हवर बसतील. उतरवताना आतल्या पुस्तिकेचा प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि साथीदारांची नावं फाइलीत टाइप करा. वडिलांना जवळ बसवून करा. कुठल्या मैफलीला ते स्वतः हजर होते, हे त्या पुस्तिकेत छापलेलं नसेल.