रोज गांजा ओढणाऱ्या भावाला उलट्यांचे झटके येतात आणि कढत पाण्याच्या आंघोळीनेच बरे वाटते. हे पित्त आहे का?

सोलापुरात माझे औषधांचे दुकान आहे. तुम्ही कळवलेली तुमच्या भावाची अनेक वर्षांची गांजाची सवय, दर काही महिन्यांनी येणारा उलट्यांचा झटका, एंडोस्कोपीत काहीही न सापडणे आणि भर मे महिन्यात, पारा ४० अंशांच्या पुढे असताना, त्याचे पुन्हा पुन्हा कढत पाण्याने आंघोळ करणे, हे सगळे एकत्र वाचल्यावर मला पित्तापेक्षा कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोमची, म्हणजे गांजाच्या दीर्घ सेवनाने होणाऱ्या उलट्यांच्या विकाराची, शंका अधिक येते. हा विकार २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी प्रथम सविस्तर मांडला, आणि गरम आंघोळीची ओढ ही खूण त्यांनी तेव्हाच नोंदवली होती.

गांजानेच मळमळ थांबते, हे भावाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण त्यातील टीएचसी हा घटक एरवी उलटी दाबतो आणि केमोथेरपीच्या रुग्णांसाठी त्याचे औषधही निघाले आहे. परंतु दीर्घकाळच्या रोजच्या सेवनाने काहींच्या बाबतीत हा परिणाम उलटतो. टीएचसी चरबीत साठून राहत असल्याने चार दिवस गांजा सोडून पाहण्याने काहीच ठरत नाही. तो पूर्ण बंद करावा लागतो, आणि पूर्ण आराम पडायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. भांगही त्याच झाडाची असल्याने तीही वर्ज्य.

उलटी थांबवणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनच्या पट्ट्यांमागून पट्ट्या नेणारे मी पाहतो. या विकारात ती गोळी बहुधा पुरी पडत नाही. रुग्णालयात हॅलोपेरिडॉल देतात, किंवा पोटावर कॅप्सेसिनचे मलम लावतात. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा. शेंगाचटणीच्या गावात त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पोटदुखीसाठी ट्रॅमॅडॉलसारखी गोळी मात्र स्वतःहून देऊ नका, तिने मळमळ वाढू शकते.

खरा धोका शरीरातील पाणी आणि पोटॅशियम घटण्याचा आहे, कारण त्यातून मूत्रपिंड निकामी होऊ शकते व हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यात कढत आंघोळीने घाम वाढतो आणि कातडीही भाजते. लघवी जवळजवळ बंद होणे, उलटीत रक्त, छातीत दुखणे किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास त्याला तातडीने सिव्हिलमध्ये न्या. तेथे सलाईन लावून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) व क्षार तपासतील, आणि स्वादुपिंडाची सूज, पित्ताशयातील खडे, मधुमेहातील कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणे) ही कारणे आधी बाजूला काढतील.

गांजाचे मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोलिसांच्या भीतीने घरचे ते लपवतात आणि निदान लांबते. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४-अ नुसार, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण दिलेले आहे. सवय सोडताना झोप उडाली, चिडचिड वाढली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.