आईच्या कपाटातली फाईल

पत्र, थोडक्यात: ताई, मी २९ वर्षांचा असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. मला जन्मतः आतड्याचा, हर्शस्प्रंगचा विकार होता व लहानपणी दोन शस्त्रक्रिया झाल्या. अजूनही कधी तीन-चार दिवस पोट साफ होत नाही, तर कधी कपडे खराब होतात, म्हणून कामावर मी काही खात नाही. जुनी फाईल आईच्या कपाटात कुलपात असते. आता नाशिकरोडचे स्थळ आले आहे. घरचे ‘काही बोलू नकोस’ म्हणतात. मुलीला सांगावे का?

उत्तर: सांगावे, आणि सुपारी फुटण्यापूर्वी सांगावे, यावर अधिक शाई घालवत नाही. मी अडले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या कपाटाच्या वाक्यापाशी. आपल्या पोटातले काय कापले आणि काय जोडले, हे लिहिलेला कागद एका कमावत्या माणसाने कधी उघडूनही पाहिलेला नाही! मग त्या मुलीला तुम्ही सांगणार तरी काय?

या विकारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी तयारच झालेल्या नसतात, त्यामुळे तो भाग मळ पुढे ढकलू शकत नाही. तो काढून वरचे निरोगी आतडे गुदद्वारापर्यंत खाली ओढून जोडतात. साधारण ५००० बाळांमागे एकाला हा होतो. ज्यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो, त्या डेन्मार्कच्या डॉक्टर हर्शस्प्रंग यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये भर सभेत जे मांडले, ते तुमच्या घरी आजही कुलपात आहे. किती लांबीचे आतडे काढले आणि कोणत्या पद्धतीने जोडले, हे त्या फाईलवरून कळेल. कपडे खराब होतात ते मळ साचून कडेने पातळ झिरपल्यामुळे, की गुदद्वाराचा स्नायू दुबळा असल्यामुळे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या माहितीचा आधार लागतो, कारण एका कारणावरचे औषध दुसऱ्यात त्रास वाढवू शकते. उपास हे दोहोंपैकी कशावरचेच औषध नाही. शिवाय सदोष भाग जितका लांब, तितकी पुढच्या पिढीत विकार उतरण्याची शक्यता अधिक असते, आणि मुलाबाळांचा प्रश्न ती मुलगी विचारणारच.

आईने दुपटी धुतली, रात्री जागवल्या, हे मला ठाऊक आहे. तरीही आज ती किल्ली लाजेपोटी राखली जाते आणि तीच लाज तुम्ही रिकाम्या पोटी रोज सातपूरला घेऊन जाता.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की किल्ली मागून घ्या. एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका, तशाच पिशवीत घाला. याच आठवड्यात रजा टाकून बालशल्यचिकित्सकांना गाठा. हा विकार त्यांच्या रोजच्या हाताखालचा असतो, आणि पुढे मोठ्यांच्या कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे, तेही ते सांगतील. बाहेरच्या बाकावर तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये बसावे लागेल, तर बसा. मात्र ताप, फुगलेले पोट आणि दुर्गंधीचे जुलाब एकदम सुरू झाले, तर कुणाच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

नाशिकरोडच्या मंडळींना पुढच्या रविवारनंतर या म्हणून कळवा. तोवर फाईल तुमची वाचून झालेली असेल.