कर्ज काढून अभियांत्रिकी : हिशोब नेमका कशाचा करायचा?

अभियांत्रिकीच्या पदवीसाठी कर्ज काढले तर पुढच्या पगारातून ते फिटेल का, हा प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचा प्रश्न असतो. त्यांपैकी एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलीला यंत्र अभियांत्रिकी शिकायची होती आणि दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता. पहिल्याचे नाव मोठे. शुल्क आणि वसतिगृह धरून तेथे जेवढे कर्ज काढावे लागणार होते, ते आपण १०० मानू. दुसरे घरून ये-जा करण्याजोगे असल्याने तेथे ४० मध्ये भागणार होते. वडिलांचा कल पहिल्याकडे होता. माहितीपुस्तिकेतील सर्वाधिक पॅकेजच्या आकड्याखाली त्यांनी पेनाने दोनदा रेघ ओढली होती. “सर, पहिल्या वर्षाच्या पगारातच कर्ज फिटतंय की,” असे म्हणत त्यांनी पान माझ्यापुढे सरकवले. तो पगार संगणक शाखेच्या एकाच विद्यार्थ्याला मिळाला होता, हे त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते.

सर्वाधिक पॅकेजवरून काहीच ठरवू नये, आणि सरासरीवरूनही जपूनच ठरवावे, कारण दोन-चार भरघोस पगार सरासरीला वर ओढतात. सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्यभागी येतो तो पगार विचारावा, आणि तोही आपल्याच शाखेचा. ‘इतके टक्के प्लेसमेंट’ हा आकडा पुष्कळदा केवळ पात्र ठरून नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांमधून काढलेला असतो. विषय राहिलेले विद्यार्थी त्यात धरलेलेच नसतात. शिवाय पॅकेजमध्ये बोनस, विमा, निवृत्तिनिधीतील कंपनीचा वाटा असे बरेच काही मिळवलेले असते आणि हप्ता मात्र हातात पडणाऱ्या पगारातूनच द्यावा लागतो. म्हणून मी मुलीला दोन्ही महाविद्यालयांतून अलीकडे त्याच शाखेतून बाहेर पडलेल्यांना गाठून “खात्यात दरमहा किती जमा होतात?” एवढेच विचारायला सांगितले. मोजक्या जणांची उत्तरे म्हणजे सर्वेक्षण नव्हे, पण माहितीपुस्तिकेपेक्षा ती बरी. पहिल्या महाविद्यालयातील मधल्या पदवीधराच्या हातात वर्षाला सुमारे ५० पडत होते, दुसऱ्यातील पदवीधराच्या ४५.

मग कर्जाकडे वळलो. १०० चे कर्ज हप्ते सुरू होताना १०० राहत नाही, ही गोष्ट वडिलांच्या हिशोबात मुळीच नव्हती. चार वर्षे प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला २५ उचलले, १० टक्के सरळ व्याज धरले आणि पदवीनंतर हप्ते न भरण्याच्या सवलतीचे एक वर्ष मिळाले, तर ३५ व्याज साचून मुद्दल १३५ होते. ते दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा हप्ता साधारण १.७८ बसतो आणि एकूण परतफेड २१४ च्या घरात जाते. मुलीच्या हातात पहिल्या पर्यायात महिन्याला ४.१७ येणार आणि हप्ता गेल्यावर २.३९ उरणार, दुसऱ्या पर्यायात पगार ३.७५, हप्ता ०.७१ आणि शिल्लक ३.०४.

वडील गप्प झाले नाहीत, आणि ते योग्यच होते. पगार वाढत जातो, हप्ता साधारण तोच राहतो आणि मोठ्या नावाचा फायदा पाच-सात वर्षांनी दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. मात्र फरक भरून निघायचा तर पहिल्या महाविद्यालयातील पदवीधराला दरमहा किमान १.०७ जास्त मिळायला हवेत, तेही सरासरीने पूर्ण दहा वर्षे, आणि विचारपूस केली तेव्हा फरक ०.४२ चाच निघाला होता. शाखा संगणकाची असती आणि तेथील मधला पगार खरोखर दुप्पट असता, तर याच आकडेमोडीवरून मी पहिल्या महाविद्यालयाच्या बाजूने बोललो असतो. अभियांत्रिकी परवडते का, असा सरसकट प्रश्न म्हणूनच मला निरुपयोगी वाटतो. जास्तीचे ६० कर्ज काढून नेमके जास्तीचे काय मिळते, एवढेच पाहायचे असते.

यानंतर मुलीने एक प्रश्न विचारला, जो मोठी माणसे सहसा टाळतात : शिक्षण अर्धवट राहिले तर? तोवर उचललेले कर्ज तसेच राहते, पदवी मात्र हाती नसते, आणि सह-कर्जदार म्हणून वडिलांनी सही केलेली असल्याने बँक त्यांच्याकडे येते. या धोक्याला कोणत्याही सरासरीत जागा नसते. विषय राहून एक वर्ष वाढले, तरी खर्च आणि व्याज दोन्ही वाढतात.

त्यांनी दुसरे महाविद्यालय निवडले. वडिलांची नाराजी पुरती गेली नव्हती, पण शिक्षण चालू असताना आणि सवलतीच्या वर्षातही दरमहाचे व्याज भरत राहण्याची तयारी त्यांनी स्वतःहून दाखवली. चौथ्या वर्षीही ते महिन्याला ०.३३ च्या आसपासच असणार होते, आणि त्यामुळे मुलीचा पुढचा हप्ता ०.७१ वरून ०.५३ वर येत होता.