खटला मिटला, तर वकिलाला काम काय?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून नोकरी लागली आहे, पण तिला एलएल.बी. करून स्पर्धा कायद्यात, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीला आळा घालणाऱ्या कायद्यात, जायचंय. तिचे बाबा म्हणतात, बड्या कंपन्या शेवटी सरकारशी तडजोड करतात, पैसे भरतात आणि सुटतात. मग वकिलाला काम काय? आणि शिकलेलं कॉम्प्युटर वायाच ना? – एक आई, सातारा

ताई, बाबांचं निम्मं खरं आहे. असे खटले पुष्कळदा तडजोडीतच मिटतात. पण सही झाली की सगळे घरी गेले, असं होत नाही. त्यांना मायक्रोसॉफ्टची गोष्ट सांगा.

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने आणि काही राज्यांनी या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. विंडोजच्या जोरावर ती इतरांच्या ब्राउझरची वाट अडवते, हा आरोप. मधे रिचर्ड पोझ्नर या न्यायाधीशांनी काही महिने मध्यस्थी केली, ती फिसकटली. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करा, असा हुकूम झाला. वर्षभराने वरच्या कोर्टाने तो रद्द केला, मक्तेदारीचा ठपका मात्र ठेवला. दोन्ही बाजूंना धास्ती वाटावी, अशी ही वेळ. नोव्हेंबर २००१ मध्ये समेट झाला.

तिथे सरकारने केलेला असा समेट आधी लोकांपुढे ठेवावा लागतो आणि लोकांच्या प्रतिक्रियांसाठी साठ दिवस द्यावे लागतात. या वेळी तीस हजारांहून जास्त प्रतिक्रिया आल्या. नऊ राज्यं तर समेटाला तयारच नव्हती. कोर्टाची मंजुरी मिळायला नोव्हेंबर २००२ उजाडलं.

आता तुमच्या लेकीच्या कामाचा भाग. समेट पाळला जातोय की नाही हे बघायला तिघांची तांत्रिक समिती नेमली. एक फिर्यादी पक्षाचा, एक कंपनीचा, तिसरा या दोघांनी मिळून निवडलेला. तिघंही सॉफ्टवेअर जाणणारे. त्यांना कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, बघायची मुभा होती. विंडोज हे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी कसं बोलतं, ती माहिती कंपनीने इतरांना लिहून द्यायची होती. ते लिखाण धड होईना, म्हणून कोर्टाने मंजूर केलेल्या या पाच वर्षांच्या समेटातल्या काही अटींना मुदतवाढ मिळत गेली आणि तो संपला २०११ च्या मे महिन्यात. वाया गेलं का हो कॉम्प्युटर?

आपल्याकडे ही सोय नवी आहे. २०२३ च्या दुरुस्तीने स्पर्धा कायद्यात तडजोडीची तरतूद आली. भारतीय स्पर्धा आयोगाच्या महासंचालकांचा चौकशी अहवाल हाती पडल्यावर कंपनी अर्ज करू शकते. कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवले असतील, तर मात्र ही वाट बंद. एप्रिल २०२५ मध्ये गूगलचं अँड्रॉइड टीव्हीचं प्रकरण असंच मिटलं. पंधरा टक्के सूट धरून २०.२४ कोटी रुपये. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे चिल्लर, हे बाबांचं म्हणणं मी खोडणार नाही. पण पैशापेक्षा अट मोठी आहे : टीव्ही बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलची बाकीची अ‍ॅप्स गळ्यात न घालता ते फी घेऊन सुटं द्यायचं. ही अट कागदावर अशी मांडायची की पळवाट राहू नये. ते काम कायदा आणि कोड दोन्ही कळणाऱ्याचं, आणि अशी माणसं अजून थोडी आहेत.

माझा सल्ला : नोकरी लगेच नाकारू नका. दीड-दोन वर्षं करू द्या, एपीआय (दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलू देणारी जोडणी) आणि डॉक्युमेंटेशनचं काम मिळालं तर सोन्याहून पिवळं. मग एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. पूर्णवेळ करावं. नोकरी सांभाळत नावापुरती हजेरी लावून केलेली पदवी या क्षेत्रात उघडी पडते. सुरुवातीला पगार आयटीपेक्षा कमी असू शकतो आणि काम मुख्यतः दिल्ली-मुंबईत, त्याची तयारी ठेवा.

आणि त्याआधी एक करा. भारतीय स्पर्धा आयोगाच्या संकेतस्थळावर या टीव्ही प्रकरणाचा आदेश आहे. तो छापून तिच्या हातात द्या. रविवारभर बसून, पेन्सिलीने खुणा करत तिने तो संपवला, तर बाबांना मला फोन करायला सांगा. दहाव्या पानावर जांभया आल्या, तर नोकरीचं पत्र आहेच.